बोअरचा कान गाडीला

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली, की निदानाची वाण पडत नाही. बॉनेट वर जायचा अवकाश, पाच जण गोळा होतात आणि पाच निदानं पडतात. पहिला म्हणतो, बॅटरी उतरली. दुसरा म्हणतो, प्लग काळे झाले. तिसऱ्याला टाकीचं झाकण न उघडताच पेट्रोलमध्ये पाणी दिसतं. चौथा ‘कचरा आला असंल ओ’ म्हणून मोकळा होतो. हे निदान कधीच खोटं ठरत नाही, कारण कचरा कुठं आला आणि कशात आला हे त्यानं सांगितलेलंच नसतं. पाचवा वयानं वडील असतो, तो बंपरला बांधलेलं लिंबू वाळलंय याकडं बोट दाखवतो. एवढ्या सल्लामसलतीत एक नाव मात्र सहसा निघत नाही, ते म्हणजे फ्युएल पंप. गंमत अशी, की या पाचातल्या चौघांच्या तरी शेतात बोअर असतो, आणि बोअरमधली मोटर आजारी आहे हे त्यांना बांधावर उभं राहून, निव्वळ आवाजावरून कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की गाडीचा पंप जायला लागलाय हे ओळखायला जेवढं ज्ञान लागतं, तेवढं मराठवाड्यातल्या माणसाकडं आधीपासून आहे. फक्त ते त्यानं शेतात ठेवलंय. गाडीत बसताना सोबत घेतलेलं नाही.

आधी हा पंप कुठं असतो ते पाहू, कारण निम्मा घोळ तिथंच आहे. टाकी गाडीच्या मागं, इंजिन पुढं. मधलं अंतर पेट्रोल काही आपल्या पायांनी चालत जात नाही. ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात हे काम इंजिनाच्या अंगाला बसवलेला एक छोटा यांत्रिक पंप करायचा. इंजिन फिरलं की त्यातला पडदा वर-खाली व्हायचा आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळायचं. दाब अगदी मामुली. उन्हाळ्यात इंजिन तापलं, की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, वाफ काही पुढं ढकलली जायची नाही, आणि गाडी थांबायची. मग ड्रायव्हर लोक पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि गाडी खरोखर चालू व्हायची. त्या काळी हा इलाज शास्त्रशुद्ध होता. 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुती 800 सुद्धा कार्बोरेटरचीच होती. पण 2000 सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, आणि पंप इंजिनावरून उठून टाकीत जाऊन बसला. फडकं मात्र जागचं हललं नाही. आजही गाडी बंद पडली की कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन बॉनेटकडं धावतोच. पंप तिथं नसतोच. तो बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली, टाकीत बुडालेला असतो, आणि त्याच्यावर आत्याबाई बसलेल्या असतात.

टाकीतला हा पंप म्हणजे बारा व्होल्टवर चालणारी चिमुकली सबमर्सिबल मोटर आहे. बोअरमधली मोटर पाण्यात बुडून राहते आणि तेच पाणी तिला गार ठेवतं. ही पेट्रोलमध्ये बुडून राहते आणि पेट्रोल तिला गार ठेवतं. तिला इम्पेलर, हिलाही इम्पेलर. तिच्या तोंडाशी जाळी, हिच्याही तोंडाशी जाळी. बंद झाल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरू नये म्हणून तिकडं व्हॉल्व्ह, इकडंही व्हॉल्व्ह. साध्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत हा पंप साधारण तीन ते चार बार दाब देतो. पाण्याच्या हिशेबात सांगायचं तर निदान शंभर फूट वर चढवण्याएवढा. ओंजळीत मावणाऱ्या वस्तूच्या मानानं ही कामगिरी थोर आहे, आणि ती बजावत असताना कुणी तिला नारळही फोडत नाही. पेट्रोलमध्ये विजेची मोटर बुडवलीय हे ऐकून मागच्या सीटवरचे पाहुणे उठून उभे राहतील, पण त्यांनी खुशाल बसावं. जळायला हवा लागते, आणि पेट्रोलनं भरलेल्या त्या मोटरीत हवेला शिरायला जागाच नसते. डिझेलवाल्यांनीही हसू नये. आजच्या डिझेल गाडीत पुढं शेकडो बारचा दाब देणारा पंप वेगळा असतो, पण कित्येक गाड्यांत त्याला डिझेल पोचवायला टाकीतही असाच एक पंप बसलेला असतो. आणि 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक मोटरसायकलींच्या टाकीतही हा पाहुणा आला. चावी लावल्याबरोबर टाकीतून जो बारीक ‘झूंऽ’ ऐकू येतो, तो त्याचाच.

हा ‘झूंऽ’ म्हणजेच पहिली परीक्षा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत चावी ‘ऑन’ केली, की स्टार्टर मारायच्या आधी पंप दोनेक सेकंद चालतो, नळीत दाब भरतो आणि थांबतो. निरोगी पंपाचा आवाज बारीक आणि एकसुरी असतो. तो किरकिरा झाला, लांबला, चालत्या गाडीत मागून सतत कण्हल्यासारखा यायला लागला, की बेअरिंग, जाळी किंवा इम्पेलर यांच्यापैकी कुणाची तरी तक्रार आहे. बोअरची मोटर ‘घर्रऽ’ करायला लागली की शेतकरी जेवता जेवता उठतो. गाडीची मोटर तेच करते तेव्हा तो रेडिओचा आवाज वाढवतो. दुसरी खूण सकाळची. स्टार्टर खणखणीत फिरतो, पण इंजिन लगेच पेटत नाही. दोन-तीनदा चावी ऑन-ऑफ करून मग स्टार्टर मारला तर चटकन चालू होतं. म्हणजे रातोरात नळीतला दाब उतरलाय, बहुधा पंपाचा व्हॉल्व्ह धरत नाही. विहिरीवरच्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह गेला की तिला आधी पाणी पाजून घ्यावं लागतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही खूण शिकवायची गरज नाही. तिसरी खूण ओझ्याची. गावात गाडी गुमान चालते, पण पाच माणसं, दोन पोती आणि एसी एवढं घेऊन चढाला लागली, किंवा मोठ्या रस्त्यावर ओव्हरटेक करायला गेली, की झटके देते, दम खाते, ॲक्सिलरेटर दाबला तरी ‘उचलंना गेलीय’ असं म्हणायची पाळी आणते. थोडं पेट्रोल पुरवणं पंपाला जमतं, जास्त मागितलं की जमत नाही; शेताचा एक सारा भिजतो आणि दुसऱ्या साऱ्यापर्यंत धार पोचत नाही, तसलाच हा प्रकार. चौथी खूण सगळ्यात फसवी. तासभर चालून गाडी तापली की बंद पडते, अर्धा तास सावलीत उभी केली की चालू होते. मोटर तापल्यावर थांबते आणि निवल्यावर चालते, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या अर्ध्या तासात ज्यानं ज्यानं जो जो उपाय केला, तो तो आपलाच गुण आला असं समजतो; लिंबू बदलणाराही.

मग इतक्या खुणा दिसूनही माणूस हलत का नाही? माझ्या मते याला तीन कारणं आहेत, आणि तिन्ही अज्ञानाच्या पलीकडची आहेत. एक म्हणजे पंप हळूहळू मरतो. आज एक झटका, आठवड्यानं दुसरा. मालक तेवढ्यात ॲक्सिलरेटर जरा सांभाळून दाबायला शिकतो आणि आपली गाडी आपल्यालाच चालवता येते याचा त्याला अभिमान वाटायला लागतो. दुसरं कारण असं, की ‘चालतंय की’ हे आपल्याकडं यंत्राच्या तब्येतीचं अधिकृत प्रमाणपत्र आहे. गाडी चालत असताना मिस्त्रीकडं न्यायची म्हणजे चालत्या गाडीला खीळ घालणं, आणि बंद पडल्यावर नेता येत नाही. त्यामुळं नेण्याचा योग असा येतच नाही. तिसरं कारण हिशेबाचं. प्लग स्वस्त, बॅटरीचं पाणी त्याहून स्वस्त, लिंबू सगळ्यात स्वस्त. निदान नेहमी खर्चाच्या चढत्या क्रमानं केलं जातं, आजाराच्या क्रमानं नाही. बोअरच्या बाबतीत मात्र हाच माणूस वेगळा वागतो. तिथं पीक वाळणार हे समोर दिसत असतं, आणि वीज आठ तासच येणार हेही ठाऊक असतं. म्हणून तो पहिल्या दिवशीच मोटरीच्या मागं लागतो. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यातल्या माणसाला पंप थांबला की काय थांबतं हे वेगळं सांगायला नको. गाडीचं पीक मात्र कुणाला वाळताना दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘पंप-बिंप काही नाही, पेट्रोलच खराब यायलंय.’ त्यातला नवा आणि जोरकस पोटआक्षेप इथेनॉलचा. तो उडवून लावण्यासारखा नाही. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि जुन्या गाड्यांतले काही रबरी आणि प्लास्टिकचे भाग 20 टक्के इथेनॉल डोळ्यांपुढं ठेवून बनवलेले नव्हते. शिवाय ज्याच्या उसाची मोळी कारखान्यात गेली त्याच्याच टाकीत त्या उसाचा अंश परत यावा, हा न्यायही काहींना खटकतो. दर देताना कारखाना एवढी तत्परता दाखवत नाही. पण पंपांचं मरण इथेनॉलची वाट पाहत थांबलेलं नव्हतं. जुलै 2020 मध्ये मारुती सुझुकीनं वॅगन-आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या फ्युएल पंपाच्या शंकेवरून तपासायला परत बोलावल्या. तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल आजच्या मानानं थोडंच होतं. एप्रिल 2021 मध्ये होंडानं भारतातल्या 77,954 गाड्यांचे पंप बदलायला घेतले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये आणखी 90,468 गाड्यांचे. त्या पंपांच्या इम्पेलरमध्येच दोष असू शकतो आणि त्यामुळं इंजिन बंद पडू शकतं किंवा चालूच होणार नाही, असं कंपनीनं स्वतः सांगितलं. गाडी बनवणारी कंपनी लाखभर गाड्यांच्या बाबतीत ‘पंप असू शकतो’ असं म्हणते, आणि आपण एका गाडीच्या बाबतीत ‘पंप असूच शकत नाही’ म्हणतो, तेव्हा आत्मविश्वास कुणाचा जास्त आहे ते उघड आहे. अशा गाड्यांचा पंप कंपनी फुकट बदलून देते, हे ऐकल्यावर तरी निदान पटायला हरकत नसावी. गाडीचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की आपली गाडी त्या यादीत आहे का ते कळतं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो, आणि तो रिझर्व्हबद्दल आहे. टाकी कायम तळाशी ठेवली की पंप उघडा पडतो, कोरडा फिरतो आणि जळतो, असं सांगितलं की जाणकार म्हणतो: ‘आता पंप एका भांड्यात बसवलेला असतो, टाकी खाली गेली तरी त्या भांड्यात पेट्रोल राहतंच.’ बरोबर आहे. त्या भांड्यामुळं वळणावर किंवा उतारावर गाडी लगेच उपाशी मरत नाही. पण भांड्यात पेट्रोल यायला आधी टाकीत असावं लागतं. शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून दिवस काढायची रीत आपल्याकडं पेट्रोल शंभरीच्या आत होतं तेव्हापासूनची आहे. भाव वाढला, नोट तीच राहिली, आणि मधल्या काळात टाकीतली पातळी उतरत गेली. पातळी उतरली की पंपाभोवतीचं पेट्रोल कमी, ते लवकर तापतं, तळाचा गाळ जाळीत जातो, आणि शेवटी हवाही ओढली जाते. सीएनजीवाले तर पेट्रोल देवाच्या तीर्थाएवढंच ठेवतात, आणि सहा महिन्यांनी ‘पेट्रोलवर गाडी चालूच होईना’ म्हणून हैराण होतात. भर उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलंय हे कळल्यावर कुठलाही शहाणा माणूस मोटर रात्रभर चालू ठेवून झोपत नाही. तोच माणूस डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा पिवळा दिवा देवघरातल्या समईच्या निष्ठेनं तेवत ठेवतो.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ‘असं म्हणायला लागलं तर प्रत्येक रोगाला पंपच जबाबदार!’ हा धोका खरा आहे. पंपाचं नाव एकदा कळलं, की मिस्त्रीला आणि मालकाला दुसरं काही सुचत नाही, आणि चांगला पंप काढून नवा बसवल्यावर गाडी जिथं होती तिथंच उभी राहते. म्हणून इथंही बोअरचाच क्रम पाळावा. मोटर चालेना म्हणून कुणी लगेच ती दोनशे फुटांवरून वर काढत नाही. आधी डीपीवर वीज आहे का, फ्यूज उडालाय का, स्टार्टर धरतोय का, ते बघतो. गाडीतही पंपाला स्वतःचा फ्यूज असतो, रिले असतो, आणि जोडाला गंज चढला तर पंपाला पुरेशी वीज मिळत नाही; कमी व्होल्टेजवर मोटरीचं काय होतं याचे जाणकार आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. स्टार्टरच ‘कटकट’ करून थांबला आणि दिवे मंद झाले, तर ती बॅटरी. पंपावर आळ नको. जागेवर उभ्या गाडीतही इंजिन एकसारखं थरथरत असेल, तर आधी प्लग आणि कॉइल बघावी. पंपाची तक्रार सहसा ओझ्याखाली सुरू होते. फिल्टर तुंबला तर खुणा हुबेहूब पंपाच्याच दिसतात, म्हणून त्याची झडती पंपाच्या आधी. ‘स्कॅनर लावला, त्यात काही आलं नाही’ हा युक्तिवादही पुरेसा नाही. कित्येक साध्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो, त्यामुळं स्कॅनर पंपाचं नाव घेत नाही. फार तर इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय एवढंच सांगतो. खरा साक्षीदार एकच: नळीला गेज लावून दाब मोजणं. ज्या मिस्त्रीकडं गेज आहे तो मिस्त्री. ज्याच्याकडं नुसता अंदाज आहे तो रस्त्यावर गोळा होणाऱ्या पाचांतला सहावा. आणि टाकीच्या बुडाला दोन बुक्क्या मारल्यावर गाडी चालू झाली, तर तो चमत्कार समजू नये. झिजलेले कार्बन ब्रश हादऱ्यानं क्षणभर चिकटले, एवढंच झालंय. स्टार्टरच्या पेटीवर बुक्की मारून मोटर चालवणाऱ्यानं जसं दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं पाहिजे, तसं त्या गाडीनं त्या दिवशी थेट गॅरेज गाठलं पाहिजे. टाकी उघडायचं काम मात्र घरी, अंगणात, विडी ओढत करू नये. हा विनोदाचा विषय नाही.

एवढी घाई कशाला, असं शहरातला कुणी म्हणेल. शिरूर अनंतपाळमध्ये मात्र घाईला कारण आहे. तालुका छोटा, कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर लातूरची नाहीतर उदगीरची वाट. फोनवरून मदत मागवायची, तर दूर कुठंतरी बसलेला कर्मचारी ‘शिरूर’ एवढं ऐकून गाडी पुण्याकडच्या शिरूरला धाडायची भीती. तिथून सुटलो तर बीडचं शिरूर कासार आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात शिरूर ताजबंदही आहे. अनंतपाळ हा शब्द ठासून सांगेपर्यंत मोबाइलची बॅटरी उतरते, आणि मग पहिल्या निदानकर्त्याचं म्हणणं निदान एका अर्थानं खरं ठरतं. त्यातून पंप दगा द्यायचा मुहूर्तही बघून घेतो. ऊन, ओझं आणि वेग हे तिन्ही एकत्र आले की तो थकतो, आणि आपल्याकडं हे तिन्ही एकत्र येतात ते लग्नसराईत. पाचाच्या गाडीत आठ जण, एसी फुल, मुहूर्त साडेबाराचा, निघाले पावणेबाराला. त्या दिवशी साकोळच्या किंवा येरोळच्या अलीकडं गाडी थांबली, तर दोष पंपाला देता येईल, पण त्यानं महिनाभर आधीपासून दिलेल्या नोटिसा कुणी घेतल्या नाहीत हे लपत नाही. मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या पुढं ओव्हरटेकला गेलेली गाडी दम सोडते, तेव्हा तर प्रश्न लग्नाचा राहत नाही, जिवाचा होतो.

तेव्हा माझा निकाल असा, की पंप जाणं हा नशिबाचा भाग असेल, पण रस्त्यात जाणं हा आपल्या दुर्लक्षाचा भाग आहे. टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका. फिल्टर वेळच्या वेळी बदला किंवा साफ करून घ्या. चढावर दम लागला, सकाळी उशिरा पेटली, तापून बंद पडली, यातलं एक जरी दोनदा घडलं, तरी फ्यूज, रिले, फिल्टर, मग दाब, मग पंप या क्रमानं तपासायला सांगा, आणि क्रम उलटा करणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे रामराम करा. आणि रोज सकाळी चावी ‘ऑन’ केली की स्टार्टर मारायच्या आधी दोन सेकंद गप्प बसून मागचा आवाज ऐका. त्यासाठी गाडीतल्या बाकीच्यांनाही दोन सेकंद गप्प बसवावं लागेल. पंप बदलण्यापेक्षा हे काम अवघड आहे, पण फुकट आहे.